'पाहिजे' कोणतं? देणं की अगत्य?

ख्रिस्ताच्या मरणाबद्दलची दोन वाक्यं मी इतक्यांदा ऐकली आहेत की आता ती नुसती सुरू झाली तरी माझं लक्ष उडतं. पहिलं, "येशूने वधस्तंभावर आपलं कर्तव्य पार पाडलं." दुसरं, "होणारं चुकतं का? त्याच्या नशिबीच होतं ते." पहिलं भक्तिभावाने म्हटलं जातं, दुसरं सुस्कारा टाकून. दोन्ही चुकीची आहेत, आणि दोन्ही चुकांचं मूळ एकाच साध्या शब्दात आहे: पाहिजे.

"उसने पैसे परत करायला पाहिजेत" आणि "अंकुर यायचा तर बी मातीखाली जायला पाहिजे". मराठीत दोन्हीकडे तोच शब्द चालतो. पहिल्या वाक्यात कुणीतरी कुणाचं तरी काही लागतो. दुसऱ्यात कुणीच कुणाचं काही लागत नाही. नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाच्या, मूळ ग्रीकमध्ये या दोन जागांसाठी दोन क्रियापदं आहेत, ओफेइलो आणि देइ.

ओफेइलो झटपट उरकतो, कारण ते तुम्हाला माहीतच आहे, नाव तेवढं नवीन. मूळ अर्थ पैशाचं देणं. त्यावरून नैतिक देणं, म्हणजे आपण ज्याला कर्तव्य म्हणतो ते. प्रभूच्या प्रार्थनेत मत्तयाच्या शुभवर्तमानात येणारं 'ऋण' याच कुळातलं. एकमेकांवर प्रीती करण्याखेरीज कुणाचं देणं ठेवू नका, असं प्रेषित पौल रोमकरांना लिहितो (१३:८), तेव्हा तो या दुहेरी अर्थाशी मुद्दाम खेळतो. शिष्यांचे पाय धुऊन झाल्यावर येशू त्यांना म्हणतो की तुम्हीही एकमेकांचे पाय धुतले पाहिजेत (योहान १३:१४). तिथेही ओफेइलोच. मी तुमच्यासाठी केलं, आता ते तुमच्यावर लागू आहे. ऋण म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही, तेव्हा पुढे जाऊ.

देइ हे वेगळंच प्रकरण आहे. या क्रियापदाला कर्ता नसतो. नव्या करारात ते शंभरेक वेळा येतं आणि त्यातलं चाळीस टक्के एकट्या लूकच्या दोन पुस्तकांत, म्हणजे त्याच्या शुभवर्तमानात आणि प्रेषितांच्या कृत्यांत. बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडतो तेव्हा आईला हाच शब्द ऐकवतो (लूक २:४९). मनुष्याच्या पुत्राने (येशू स्वतःला असंच म्हणवतो) फार दुःखं सोसावी, जिवे मारलं जावं आणि पुन्हा उठावं, या मार्क ८:३१ मध्येही हाच. आपल्या मराठी शास्त्रात त्या ठिकाणी 'अगत्य आहे' असं भाषांतर आहे, आणि मला ते फार आवडतं. दुर्दैवाने आज अगत्य म्हटलं की लोकांना लग्नाची आमंत्रणपत्रिका आठवते. मूळ अर्थ असा की दुसरी गती नाही, असं झाल्यावाचून पुढे सरकता येत नाही. सोप्या मराठीच्या नावाखाली या जागी 'पाहिजे' घालणाऱ्यांशी माझं भांडण आहे. अवघड शब्द काढला आणि त्याच्याबरोबर अर्थही गेला.

आता खरी मेख. बहुतेकांना वाटतं की देइ म्हणजे जरा जास्त कडक ओफेइलो. माणसांचं ते कर्तव्य, देवाचं ते महाकर्तव्य. तसं अजिबात नाही, आणि हे योहानाच्या शुभवर्तमानाइतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही, कारण तिथे एकाच मरणाला दोन्ही क्रियापदं लावलेली आहेत. रोमी सुभेदार पिलातापुढे येशूवर आरोप करणारे म्हणतात, आमच्या नियमशास्त्राप्रमाणे याने मेलं पाहिजे (१९:७). क्रियापद ओफेइलो. त्यांच्या हिशेबात गुन्हा घडला आहे, मरण हे त्याचं देणं आहे आणि ते वसूल व्हायचं आहे. पण येशूने निकदेम नावाच्या यहूदी पुढाऱ्याला बरंच आधी सांगून ठेवलेलं असतं की मोशेने रानात सर्प उंच केला तसं मनुष्याच्या पुत्राला उंच केलं जाण्याचं अगत्य आहे (३:१४). क्रियापद देइ. बाराव्या अध्यायात लोक नेमक्या याच शब्दावर अडतात आणि विचारतात, उंच केलं जाण्याचं अगत्य आहे असं तू कसं म्हणतोस? मरण तेच, वधस्तंभ तोच, मराठीत दोन्हीकडे 'पाहिजे'ही चालून जाईल. पण एक वाक्य कर्जवसुलीचं आहे आणि दुसरं देवाच्या योजनेचं. योहानाच्या शुभवर्तमानात ओफेइलो दोनदाच येतं, एकदा पाय धुण्याच्या प्रसंगी शिष्यांसाठी आणि एकदा या आरोपकर्त्यांच्या तोंडी. येशू आपल्या मरणाबद्दल ते एकदाही वापरत नाही. आणि आपण व्यासपीठावरून खुशाल म्हणतो, "कर्तव्य पार पाडलं." हे आरोपकर्त्यांचं व्याकरण झालं.

म्हणून माझी एक साधी कसोटी आहे: धनको शोधा. वाक्यात 'पाहिजे' आलं की विचारा, कुणाचं देणं? उत्तर सापडलं तर ते कर्तव्य. जक्कयाला येशू म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरलं पाहिजे (लूक १९:५). कुणाचं देणं? त्या जकातदाराचं तर नक्कीच नाही. इथे देइ आहे. देण्याघेण्याची भाषा त्यानंतर येते, आणि ती जक्कयाच्या तोंडी. कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो, असं तो म्हणतो. घरी येण्याचं अगत्य आधी आणि परतफेड मागून. हा क्रम उलटा केला की ती गोष्टच उरत नाही.

मग दुसरे उठतात. धनको नाही, टाळता येत नाही, म्हणजे नियतीच की! इथे मात्र मी आवाज चढवतो. जुन्या ग्रीक कथांतली नियती देवांच्याही डोक्यावर बसलेली असते. तिला कुणी अब्बा म्हणत नाही. गेथशेमाने बागेत येशू बापाला सांगतो की तुला सर्व काही शक्य आहे, हा प्याला माझ्यापासून दूर कर, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको (मार्क १४:३६). जिथे टाळता येणं शक्यच नाही तिथे माणूस असं मागणं मागत नाही. मत्तय तर आणखी पुढे जातो. अटकेच्या क्षणी येशू म्हणतो, मी मागितलं तर बाप आत्ता देवदूतांच्या बारा सैन्यांहून अधिक पाठवील, पण मग असंच घडण्याचं अगत्य आहे हे शास्त्रलेख कसे पूर्ण होतील (२६:५३–५४)? सुटकेची वाट उघडी आहे, आणि ती उघडी असतानाच देइ उच्चारलं जातं. प्रारब्ध भोगणाऱ्याकडे बारा सैन्यं राखीव नसतात.

याच गैरसमजाचं शेपूट म्हणजे येशूला धरून देणारा शिष्य यहूदा इस्कर्योत याची वकिली. "कुणीतरी धरून द्यायलाच हवं होतं, मग त्या बिचाऱ्याचा काय दोष?" लूक २२:२२ वाचा. मनुष्याचा पुत्र ठरल्याप्रमाणे जातो खरा, पण ज्याच्या हातून तो धरून दिला जातो त्या माणसाची केवढी दुर्दशा! दोन्ही एकाच वाक्यात. योजना देवाची, म्हणून त्या माणसाच्या नावावरचं देणं पुसलं जात नाही. दोन खाती वेगळी आहेत, आणि ती एकत्र करण्याची घाई शास्त्राला नाही, आपल्याला आहे.

भूतकाळात गंमत होते, आणि इथे चक्क मराठी ग्रीकहून सरस ठरते. "त्याने यायला पाहिजे होतं" म्हटलं की आपल्याला लगेच कळतं की तो आला नाही. ग्रीक एदेइ, म्हणजे देइचंच भूतकाळी रूप, दोन्हीकडे चालतं. न घडलेल्याला आणि घडल्यावाचून न राहिलेल्यालाही. अम्माऊस गावाच्या वाटेवर उठलेला ख्रिस्त एदेइ वापरतो (लूक २४:२६). तिथे "ख्रिस्ताने दुःख सोसायला पाहिजे होतं" असं लिहिलं तर मराठीत अर्थ होतो, सोसलं नाही! तिथेही अगत्यच शोभतं.

पण शब्दकोश हाती लागल्यावर प्रत्येक देइमध्ये स्वर्ग पाहणारे उत्साही लोकही मला तितकेच नकोसे वाटतात. त्यांनी प्रेषितांच्या कृत्यांचा सत्ताविसावा अध्याय वाचावा. वादळात सापडलेल्या, २७६ जण असलेल्या जहाजावर पौल बोलायला उभा राहतो. आधी म्हणतो, माझं ऐकून तुम्ही क्रेताहून निघायला नको होतं. एदेइ, म्हणजे निव्वळ "सांगितलं होतं ना!" मग म्हणतो, देवदूताने मला सांगितलंय की तुला कैसरापुढे, म्हणजे रोमी सम्राटापुढे, उभं राहण्याचं अगत्य आहे. देइ, आणि हे थेट वरून आलेलं. लगेच पुढे, आपण कुठल्यातरी बेटावर आदळणार. पुन्हा देइ. एका दमात तीनदा तोच शब्द आणि तीन वजनं. काही वेळाने खलाशी होडी सोडून पळू बघतात, तेव्हा हाच पौल शताधिपतीला बजावतो की हे जहाजात राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. सगळे वाचतील असं त्याने आधीच सांगितलेलं असतं. तरीही होडीचे दोर कापावे लागतातच.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला निर्दय चाकर माझ्या सर्वांत आवडीचा, कारण तिथे माझी कसोटी जवळजवळ मोडते. त्याचं १०,००० तालांतांचं कर्ज राजा सोडून देतो. एक तालांत सुमारे ६,००० दिनारांचा आणि एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, तेव्हा आकडा कसा थट्टेचा आहे ते बघा. बाहेर पडून तो १०० दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो: देणं आहे ते टाक. गोष्टभर ओफेइलो आणि त्याचं गोत. पण राजा त्याला परत बोलावून विचारतो, मी दया केली तशी तूही सोबत्यावर करायला नको होतीस? तेव्हा शब्द येतो एदेइ. अर्थाने हे नैतिकच आहे, नाकारत नाही. पण दया हेही एक देणंच, असं राजा म्हणत नाही. कर्जाचं क्रियापद हाताशी असताना तो ते घेत नाही.

मंडळीच्या अध्यक्षाने निर्दोष असलं पाहिजे (१ तीमथ्य ३:२), यातलं देइ सरळ पात्रतेच्या अटीचं आहे. त्यावर वेळ घालवू नका.

राहता राहिलं इब्री लोकांस पत्र २:१७. त्याला सर्व प्रकारे आपल्या भावांसारखं होणं प्राप्त होतं, असं तिथे म्हटलंय, आणि ख्रिस्ताबद्दल असूनही क्रियापद आहे ओफेइलो. कर्तव्यवाले ही ओळ माझ्या तोंडावर फेकतात, आणि फेकावीच. पण पुढचंच वाचलं तर कारण दिलेलं आहे. लोकांसाठी दयाळू आणि विश्वासू प्रमुख याजक व्हायचं म्हणून. याजकपद पत्करलं की त्या पदाचं देणं आपसूक लागू होतं. पाचव्या अध्यायात साध्या, माणसांतल्या याजकाने स्वतःच्या पापांसाठीही अर्पण केलं पाहिजे असं म्हणताना त्याच लेखकाने तेच क्रियापद वापरलंय. धनको शोधायचाच असेल तर इथे तो सापडतो, तेव्हा या एका ओळीपुरतं 'कर्तव्य' म्हणा.