ब्रिटिश हार्ट फाउंडेशनचा पैसा संशोधनाला कसा मिळतो: पात्रता, कागदपत्रं, आणि संशोधक नसाल तर काय करता येईल

बायोटेक किंवा फार्मसीत एम.एस्सी. झालेली मुलं, आणि अलीकडे बरेच तरुण डॉक्टरही, एक प्रश्न हमखास विचारतात: ब्रिटिश हार्ट फाउंडेशनची स्कॉलरशिप भारतातून मिळते का? पुण्यात किंवा नागपुरात बसून स्वतःच्या नावाने या संस्थेकडे अर्ज करता येत नाही. पण तिच्या पैशावर ब्रिटनमध्ये पीएचडी मात्र करता येते. या दोन वाक्यांमध्ये जी वाट आहे तिच्याबद्दल हा लेख आहे. संशोधनाशी काही देणंघेणं नसलेल्या, पण ब्रिटनमध्ये राहणाऱ्या वाचकांनी पहिला भाग चाळून थेट सीपीआरच्या, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याच्या, मजकुराकडे गेलं तरी चालेल.

संस्था कोणती, पैसा कुठला

ब्रिटिश हार्ट फाउंडेशन 1961 साली काही डॉक्टरांच्या पुढाकाराने सुरू झाली. हृदय आणि रक्ताभिसरणाचे आजार का होतात, ते कसे ओळखायचे, कसे टाळायचे आणि कसे बरे करायचे, यावरच्या संशोधनाला पैसा पुरवणं हे तिचं मुख्य काम. हृदयविकाराच्या झटक्याबरोबर पक्षाघात, रक्तवाहिन्यांमुळे होणारा स्मृतिभ्रंश आणि जन्मजात हृदयदोष हेही तिच्या कक्षेत येतात. संशोधनावर ती दरवर्षी साधारण 10 कोटी पौंड खर्च करते. हा पैसा येतो तो लोकांकडून. मृत्युपत्रात संस्थेच्या नावे ठेवलेल्या रकमा हा उत्पन्नाचा फार मोठा भाग आहे. त्याखेरीज देणग्या, सायकल फेऱ्या आणि गावोगावची जुन्या वस्तूंची दुकानं. लंडनच्या एखाद्या उपनगरातल्या दुकानात विकलेल्या जुन्या कपाटाचा पैसा प्रयोगशाळेपर्यंत पोहोचतो, तो असा.

त्यातून निघालं काय, हे विचारणं रास्त आहे. दोन उदाहरणं पुरेत. 1970च्या दशकात रक्ताच्या गुठळीमुळे झटका येतो, की झटका आल्यावर गुठळी तयार होते, यावर डॉक्टरांमध्ये वाद होता. लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयातले मायकेल डेव्हिस यांनी मृत रुग्णांची हृदयं तपासून दाखवून दिलं की रक्तवाहिनीतला चरबीचा थर फुटतो, त्यावर गुठळी जमते आणि वाट बंद होते. गुठळी विरघळवणाऱ्या औषधांना या समजुतीने बळ मिळालं. फाउंडेशनने त्यांच्या कामाला पाठबळ दिलं होतं. दुसरं उदाहरण ऑक्सफर्डच्या ‘हार्ट प्रोटेक्शन स्टडी’चं. 20,536 लोकांवरच्या या चाचणीचे निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि कोलेस्टेरॉल फारसं वाढलेलं नसलं तरी ज्यांना धोका जास्त आहे त्यांना स्टॅटिनचा, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधांचा, फायदा होतो हे स्पष्ट झालं. या चाचणीला पैसा देणाऱ्यांमध्ये सरकारी मेडिकल रिसर्च कौन्सिल आणि औषध कंपन्यांबरोबर ही संस्थाही होती. आज आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या एटोर्वासारख्या स्टॅटिन गोळ्यांमागच्या पुराव्यात या चाचणीचा मोठा वाटा आहे.

अर्ज कोण करू शकतो

इथेच बहुतेकांची गल्लत होते. अनुदान व्यक्तीच्या खात्यात जमा होत नाही, ते संस्थेला मिळतं. मुख्य अर्जदार ब्रिटनमधल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात किंवा संशोधन संस्थेत काम करणारा असावा लागतो. त्याचं राष्ट्रीयत्व कोणतं, याला त्या मानाने महत्त्व नाही. भारतातला प्राध्यापक सहकारी म्हणून प्रकल्पात असू शकतो, पण अर्जाची आणि हिशेबाची जबाबदारी तिथल्या माणसावर असते.

अनुदानाचे प्रकार बरेच आहेत. प्रोजेक्ट ग्रांट एका नेमक्या प्रश्नासाठी असते, सहसा तीन वर्षांपर्यंत. प्रोग्रॅम ग्रांट नाव कमावलेल्या संशोधकांना पाच वर्षांच्या मोठ्या कामासाठी मिळते. फेलोशिप व्यक्तीच्या कारकिर्दीसाठी असते आणि तिच्या पायऱ्या आहेत: पीएचडी नुकतीच संपवलेल्यांसाठी एक, स्वतःची प्रयोगशाळा उभी करू पाहणाऱ्यांसाठी दुसरी, ज्येष्ठांसाठी तिसरी. डॉक्टरांसाठी क्लिनिकल रिसर्च ट्रेनिंग फेलोशिप वेगळी आहे. त्यात दवाखान्यातलं काम काही काळ बाजूला ठेवून पीएचडी करता येते. रुग्णांना तपासायचं असेल तर ब्रिटनमधल्या डॉक्टरांची नोंद ठेवणाऱ्या जनरल मेडिकल कौन्सिलची नोंदणी लागणारच. नुसत्या एम.डी. मेडिसिनच्या सर्टिफिकेटवर ते दार उघडत नाही.

पीएचडी करायची असेल तर

दोन रस्ते आहेत. पहिल्यात मार्गदर्शक प्राध्यापक फाउंडेशनकडे स्टुडंटशिपसाठी, म्हणजे एका पीएचडी विद्यार्थ्याच्या खर्चासाठी, अर्ज करतो आणि मंजुरी मिळाल्यावर विद्यार्थी निवडतो. कधी विद्यार्थी आधीच ठरलेला असतो आणि त्याचं नावही अर्जात जातं. दुसरा रस्ता चार वर्षांच्या पीएचडी कार्यक्रमाचा. केंब्रिज, ऑक्सफर्ड, इम्पिरियल, एडिंबरा अशा निवडक विद्यापीठांना फाउंडेशन एकगठ्ठा जागा देते. पहिल्या वर्षी विद्यार्थी वेगवेगळ्या प्रयोगशाळांमध्ये फिरतो, मग विषय आणि मार्गदर्शक ठरवतो. नवख्या विद्यार्थ्याला मला हा दुसरा रस्ता जास्त बरा वाटतो, कारण ज्याच्याकडे पुढची तीन वर्षं काढायची तो माणूस कसा आहे हे आधी कळतं.

दोन्ही ठिकाणी विद्यार्थ्याचा अर्ज विद्यापीठाकडे जातो, फाउंडेशनकडे नाही. ऑक्टोबरमध्ये सुरू होणाऱ्या जागांसाठी विद्यापीठांच्या मुदती साधारण डिसेंबर-जानेवारीत संपतात. लागणारे कागद आपल्या ओळखीचेच आहेत: पदवीच्या सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र (दीक्षान्त समारंभ झाला नसेल तर प्रोव्हिजनल), पासपोर्ट, इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल, सीव्ही, संशोधनाची आवड आणि अनुभव सांगणारं निवेदन, आणि तुम्हाला ओळखणाऱ्या दोघा-तिघांची शिफारसपत्रं. शिफारसपत्राबद्दल एक सांगतो. आपल्याकडे विभागप्रमुखांच्या लेटरहेडवर ‘विद्यार्थी मेहनती व सुस्वभावी आहे’ असं छापील पत्र देण्याची पद्धत आहे. तिथे त्याची किंमत शून्य. ज्यांच्या हाताखाली तुम्ही प्रयोगशाळेत काम केलंत, त्या कनिष्ठ प्राध्यापकांनी तुम्ही नक्की काय केलं ते लिहिलेलं पत्र कितीतरी पटीने उपयोगी पडतं.

ऑफर लेटरचा आनंद होण्याआधी शुल्काचं विचारून घ्या. अशा जागांमध्ये ब्रिटिश विद्यार्थ्याइतकंच शुल्क धरलेलं असण्याची शक्यता असते, आणि परदेशी विद्यार्थ्याचं शुल्क त्याच्या कितीतरी पट असू शकतं. मधली तफावत विद्यापीठ माफ करणार, दुसऱ्या शिष्यवृत्तीतून भरणार, की तुमच्या वडिलांनी शेत गहाण टाकून भरायची, हे ईमेलवर स्पष्ट लिहून घ्यावं. विज्ञान आणि इंजिनीअरिंगच्या काही विषयांत व्हिसाआधी एटीएएस नावाचं ब्रिटिश सरकारचं सुरक्षाविषयक मंजुरीचं प्रमाणपत्रही लागतं. त्याला वेळ लागतो, तेव्हा तोही हिशेबात धरावा.

संशोधकाच्या अर्जात काय काय लागतं

फाउंडेशनची ऑनलाइन अर्जप्रणाली आहे, कागदी फाइल कुठे नेऊन द्यायची नसते. मुख्य अर्जदार आणि सहअर्जदारांचे सीव्ही, प्रकल्पाचा शास्त्रीय गोषवारा, सविस्तर आराखडा, आधी मिळालेले प्राथमिक निष्कर्ष, नमुन्यांची संख्या कशी ठरवली याचं संख्याशास्त्रीय समर्थन आणि खर्चाचा तपशील कारणांसह. अर्ज पुढे जाण्याआधी विभागप्रमुखांची आणि विद्यापीठाच्या वित्त कार्यालयाची मंजुरी त्याच प्रणालीत घ्यावी लागते. शेवटच्या दिवशी वित्त कार्यालयातला माणूस रजेवर असेल तर उत्तम विज्ञानही पडून राहतं, म्हणून त्यांची अंतर्गत मुदत आधीची असते.

प्राण्यांवर प्रयोग असतील तर ते का टाळता येत नाहीत आणि संख्या इतकीच का, हे लिहावं लागतं. सरकारी परवाना अर्थातच वेगळा. रुग्णांवर अभ्यास असेल तर नैतिक समितीची संमती लागते, शिवाय एनएचएसच्या (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या) रुग्णालयात होणाऱ्या कामाचा खर्च कोणत्या खात्यातून जाणार हे दाखवणारा सोएकॅट नावाचा तक्ता. संशोधनाचा खर्च एका बाजूला, रुग्णाला एरवीही मिळाले असते ते उपचार दुसऱ्या बाजूला, अशी त्यात वाटणी असते. मोठ्या क्लिनिकल चाचण्यांसाठी आधी थोडक्यात रूपरेषा मागवतात. ती पसंत पडली तरच पूर्ण अर्ज.

कशाला पैसे मिळतात? प्रकल्पावर नेमलेल्यांचे पगार, रसायनं, उपकरणं, चाचण्या. इमारतीचं वीजबिल, ग्रंथालय, प्रशासन असे वरखर्च ब्रिटनमधल्या धर्मादाय संस्था साधारणपणे देत नाहीत. देणगीदाराचा पैसा थेट कामावर खर्च व्हावा, ही त्यामागची भूमिका. इंग्लंडमध्ये सरकार विद्यापीठांना त्यासाठी वेगळा निधी देतं.

या सगळ्यात ज्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं तो भाग म्हणजे सामान्य माणसासाठीचा सारांश. ‘आम्ही मायोकार्डियल इस्केमिया-रिपरफ्युजन इंज्युरीमधील मायटोकॉन्ड्रियल पोअरच्या नियमनाचा अभ्यास करू’ असं तिथे लिहिलं तर वाचणाऱ्याला कळणार काय? ‘बंद झालेली रक्तवाहिनी उघडल्यावर परत धावणाऱ्या रक्तानेच हृदयाच्या पेशींना इजा होते. ती का होते आणि थांबवता येईल का, ते आम्ही पाहणार आहोत’ असं लिहिलं की दुकानात काउंटरवर बसणाऱ्या स्वयंसेविकेलाही आपण कशासाठी राबतो ते समजतं. ज्याला हे चार सोप्या वाक्यांत सांगता येत नाही, त्याला स्वतःचा प्रश्न पुरता उमगला आहे का, अशी शंका मला येते.

अर्ज मग बाहेरच्या तज्ज्ञांकडे जातो. त्यांचे अभिप्राय घेऊन समिती बसते. आपल्याच विद्यापीठाचा अर्ज आला की त्या सदस्याने चर्चेतून बाहेर राहायचं, असा रिवाज आहे. फेलोशिपच्या वरच्या पायऱ्यांना मुलाखतही असते.

‘ब्रिटनमधलीच संस्था’ या नियमाला एक ठळक अपवाद झाला. ‘बिग बीट चॅलेंज’ ही 3 कोटी पौंडांची स्पर्धा जगभरच्या संशोधकांना खुली होती. 2022 मध्ये ती ‘क्युअरहार्ट’ गटाने जिंकली. ऑक्सफर्डचे ह्यू वॉटकिन्स त्याचं नेतृत्व करतात आणि गटात इतर देशांतले संशोधकही आहेत. हृदयाचे स्नायू बिघडवणाऱ्या आनुवंशिक आजारांवर जनुक-दुरुस्तीने उपाय शोधणं हे त्यांचं काम. आपल्यासाठी हा विषय दूरचा नाही. भारतीय उपखंडातल्या साधारण 4 टक्के लोकांमध्ये एमवायबीपीसी3 या जनुकात एक लहानसा तुकडा गळालेला असतो आणि त्याचा हृदयाच्या स्नायूंच्या आजाराशी संबंध आहे, हे हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी-जीवशास्त्राच्या सरकारी संशोधन संस्थेतल्या संशोधकांचा सहभाग असलेल्या अभ्यासाने 2009 मध्येच दाखवलं होतं.

संशोधक नसलेल्यांसाठी: सीपीआर आणि डिफिब्रिलेटर

जनजागृतीच्या कामात पात्रता-बित्रता काही नाही. ब्रिटनमध्ये दरवर्षी 30,000 हून अधिक लोकांचं हृदय रुग्णालयाबाहेर अचानक बंद पडतं, आणि दहात एकही जेमतेम वाचतो. सीपीआर आणि विजेच्या झटक्याविना जाणाऱ्या दर मिनिटाला वाचण्याची शक्यता 10 टक्क्यांपर्यंत घटते. म्हणून फाउंडेशनने ‘रिव्हायव्हर’ हे मोफत ऑनलाइन प्रशिक्षण काढलं. मोबाइल, एक घट्ट उशी आणि पंधरा मिनिटं, एवढंच लागतं. इंग्लंडच्या माध्यमिक शाळांत सप्टेंबर 2020 पासून सीपीआर शिकवणं सक्तीचं झालं, त्यामागेही या आणि अशा इतर संस्थांचा बराच पाठपुरावा होता.

दुसरं काम आहे ‘द सर्किट’, म्हणजे देशभरातल्या डिफिब्रिलेटरची (बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्रांची) नोंदवही. तुमच्या महाराष्ट्र मंडळाच्या हॉलमध्ये किंवा मंदिरात यंत्र असेल, पण ते इथे नोंदवलेलं नसेल, तर 999 या आपत्कालीन क्रमांकावर फोन घेणाऱ्याला ते तिथे आहे हे कळण्याची सोय नाही. नोंदणी फुकट आहे. यंत्राचं मॉडेल, नेमकी जागा, ते कोणत्या वेळी हाताशी येतं, पेटीला कुलूप असेल तर कोड, छातीवर चिकटवायच्या पॅडची मुदत कधी संपते, आणि ‘गार्डियन’ म्हणून जबाबदारी घेणाऱ्याचं नाव व ईमेल, इतकी माहिती द्यावी लागते. मुदत संपत आली की गार्डियनला आठवण येते. मंडळांमध्ये दर दोन वर्षांनी कार्यकारिणी बदलते, त्यामुळे जुन्या सचिवाचा ईमेल तसाच राहून जायची भीती असते. दुसरा गार्डियन नोंदवण्याची सोय आहे, ती वापरावी. यंत्र नसेल आणि परिसरातही जवळपास नसेल, तर फाउंडेशन यंत्रासाठी वेळोवेळी वस्त्यांकडून अर्ज मागवते. यंत्र इमारतीबाहेर, चोवीस तास कोणालाही घेता येईल अशा जागी लावायची तयारी दाखवली तर अर्जाला वजन येतं.

देणगीचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये कर भरणाऱ्याने ‘गिफ्ट एड’च्या घोषणापत्रावर सही केली की दर पौंडामागे 25 पेन्स सरकारकडून संस्थेला जादा मिळतात. त्या वर्षी तुम्ही निदान तेवढा कर भरलेला हवा, एवढीच अट. घर बदलताना सोफा द्यायचा असेल तर त्याच्या खाली शिवलेलं आगप्रतिबंधक लेबल जागेवर आहे का ते आधी पाहा. ते कापलेलं असेल तर सोफा कितीही नवा असला तरी दुकानवाले नेणार नाहीत. आणि भारतात आयकर भरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: या संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकर कायद्यातली 80जीची सवलत मिळत नाही.