मासुंद्यातलं मोडकं वल्हं

ठाण्याच्या तलावपाळीला होडीतून फेरी मारताना वल्ह्याकडे पाहा. मासुंदा तलावाच्या पाण्यात शिरतं तिथेच ते मोडल्यासारखं दिसतं. शाळेत आपण याला प्रकाशाचं अपवर्तन म्हणतो आणि साइन आय भागिले साइन आर (आय हवेतला कोन, आर पाण्यातला) पाठ करून टाकतो. मला त्या सूत्रामागचं भांडण जास्त मोलाचं वाटतं. प्रकाश किती वाकतो हे कधीच मोजून झालं होतं. का वाकतो, हे ठरायला १८५० साल उजाडलं.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने हवेतून पाण्यात जाणाऱ्या किरणाचे कोन नोंदवले. स्तंभिकेशी, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाला काटकोनात असलेल्या रेषेशी, हवेत १० अंशांना पाण्यात ८, २० ला साडेपंधरा, ३० ला साडेबावीस, असं करत ६० ला साडेचाळीस. हा ६० चा आकडा आजच्या हिशेबाशी जवळजवळ जुळतो. पण वाढ बघा: ८, साडेसात, ७... दर वेळी नेमका अर्धा अंश कमी. प्रत्यक्ष मोजणी इतकी गुळगुळीत येत नाही. त्याने आकडे आपल्या नियमात बसवून घेतले असावेत.

साइनचा खरा नियम ९८४ च्या सुमारास बगदादच्या इब्न सहलने भिंगांवर लिहिताना मांडला. युरोपात इंग्लंडच्या हॅरियट आणि नेदरलंड्सच्या स्नेल यांनी तो पुन्हा शोधला, पण छापला फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने, १६३७ मध्ये.

वाद पेटला कारणावरून. देकार्त आणि पुढे न्यूटन म्हणत, पाण्यात प्रकाशाचा वेग वाढतो. फ्रेंच गणिती फर्मा आणि डच शास्त्रज्ञ हायगेन्स म्हणत, घटतो. हायगेन्सच्या लेखी प्रकाश म्हणजे तरंग. लेझीमची रांग तिरकी वाळूत शिरली, तर आधी शिरलेल्या टोकाची पावलं आखूड पडतात आणि अख्खी रांग वळते, तसंच हे. १८५० मध्ये पॅरिसला फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फूकोने वाफेवर गरगरणारा आरसा आणि पाण्याने भरलेली नळी घेऊन निकाल लावला: पाण्यात प्रकाश मंदावतो. आजच्या मोजणीनुसार सेकंदाला तीन लाख किलोमीटरवरून सुमारे सव्वादोन लाखांवर येतो. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी यायला तेव्हा तीन वर्षं होती.

ध्वनीचंही असंच. थंडीत रात्री गाडीचा भोंगा खाडीपलीकडे खारेगावात स्पष्ट ऐकू येतो. रात्री गोंगाट कमी असतो हे खरं, पण तेवढंच कारण नाही. जमीन निवते, तिच्यालगतच्या गार हवेत आवाज हळू चालतो, वरच्या उबदार हवेत जलद. म्हणून वर निघालेला आवाज खाली वळतो. भर दुपारी हवेचे थर उलटे असतात, आणि तोच भोंगा डोक्यावरून निघून जातो.