पोलिसांनी बेकायदा बळ वापरलं तर तक्रार कुठे आणि कशी करायची: महाराष्ट्रातली प्रक्रिया, पात्रता, कागदपत्रं

पोलिसांना बळ वापरण्याचा अधिकार कायद्यानेच दिला आहे, पण त्याला मर्यादाही घालून दिली आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६ नुसार अटक केलेला माणूस पळून जाऊ नये एवढ्यापुरतंच त्याच्यावर बंधन घालता येतं, त्यापेक्षा जास्त नाही. कबुली काढण्यासाठी मारणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० खाली गुन्हा आहे. साध्या दुखापतीला सात वर्षांपर्यंत आणि गंभीर दुखापतीला दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

पण ज्या ठाण्यात मार बसला तिथेच तक्रार घेऊन जायला कोण धजेल? ही अडचण ओळखूनच सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह खटल्यात राज्यांना पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरणं नेमायला सांगितलं. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून राज्य आणि विभागीय पोलीस तक्रार प्राधिकरणांची तरतूद केली. राज्य प्राधिकरण मुंबईत आहे आणि त्याचे अध्यक्ष उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश असतात. या दाराची माहिती फार थोड्या लोकांना असते, हे मला फार खटकतं.

कोणती तक्रार चालते, कोण करू शकतं

कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार किंवा त्याचा प्रयत्न, रीतसर प्रक्रिया न पाळता केलेली अटक किंवा डांबून ठेवणं, लाचखोरी, खंडणी, जमीन किंवा घर बळकावणं, शिवाय कायद्याचा गंभीर भंग किंवा अधिकाराचा गैरवापर, एवढ्या बाबी प्राधिकरणाच्या कक्षेत येतात. ‘साहेब उद्धट बोलले’ एवढ्यावर प्रकरण उभं राहणार नाही. त्यासाठी पोलीस अधीक्षक किंवा पोलीस आयुक्तांकडे लेखी तक्रार करा.

तक्रार पीडित व्यक्तीनेच करावी असं नाही. घरच्यांपैकी कोणी किंवा तिच्या वतीने दुसरं कोणीही करू शकतं. माणूस कोठडीत असताना बाहेरच्यांनी हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही.

शिपायापासून वरिष्ठ पोलीस निरीक्षकापर्यंतच्या लोकांविरुद्धची तक्रार विभागीय प्राधिकरणाकडे जाते. उपअधीक्षक किंवा सहायक आयुक्त आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांविरुद्धची राज्य प्राधिकरणाकडे.

कागद: सगळं इथेच ठरतं

प्रकरणं तुटतात ती बहुतेक वेळा वैद्यकीय कागदावर. जखमी माणसाला सरकारी दवाखान्यात नेलं जातं, डॉक्टर विचारतात ‘काय झालं?’, शेजारी पोलीस उभा असतो आणि केसपेपरवर ‘पडून लागलं’ असं लिहिलं जातं. पुढे तीच ओळ चौकशीत वाचली जाते. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट सांगा: कोणी मारलं, कशाने, शरीरावर कुठे, कधी. ते जसंच्या तसं लिहायला सांगा आणि एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलीस-कोर्टाशी संबंध येऊ शकणारं वैद्यकीय प्रकरण) म्हणून नोंद करायचा आग्रह धरा. अटक झाली असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ नुसार वैद्यकीय तपासणी होते आणि त्या अहवालाची प्रत अटक झालेल्याला किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीला मिळालीच पाहिजे. जखमांचे फोटो रोज काढा. वळ दोन-तीन दिवसांत रंग बदलतात, आणि तो बदलही पुरावाच असतो.

दुसरी महत्त्वाची जागा म्हणजे दंडाधिकाऱ्यांसमोरची पहिली हजेरी. अटकेनंतर २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, ती झाली पाहिजे. ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ असं विचारलं जातं तेव्हा भीतीपोटी ‘नाही’ म्हटलं की ते रिमांडच्या कागदावर येतं. मारहाण झाली असेल तर तिथेच सांगा, अंगावरच्या खुणा दाखवा, पुन्हा तपासणीची मागणी करा.

तिसरी गोष्ट सीसीटीव्ही. परमवीर सिंह सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावून चित्रण १८ महिने, आणि काहीही झालं तरी किमान एक वर्ष, जपायला सांगितलं. म्हणून पहिल्याच आठवड्यात अधीक्षकांना लेखी कळवा की अमुक तारखेचं, अमुक वेळेचं चित्रण राखून ठेवावं. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्क्यासह पोच घ्या. ते चित्रण आणि स्टेशन डायरीची नोंद माहितीच्या अधिकारातही मागा. अर्जाला १० रुपये लागतात.

अटकेचा पंचनामा, नातेवाइकांना दिलेली अटकेची सूचना, रिमांड आदेश, साक्षीदारांची नावं, ओळखपत्राची प्रत हे सगळं असेल तसं जोडा. एखादा कागद पोलिसांनी दिलाच नसेल तर अर्जात तसं लिहा. तो न देणं हीसुद्धा तक्रारच आहे.

अर्ज कसा लिहायचा

मराठीत, साध्या शब्दांत, घटना घडली त्या क्रमाने. ‘पोलिसांनी अमानुष मारहाण केली’ या वाक्यातून चौकशी करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. ‘रात्री साडेदहाच्या सुमारास ठाण्याच्या मागच्या खोलीत दोघांनी डाव्या तळपायावर पट्ट्याने मारले, त्यातल्या एकाच्या छातीवर अमुक नावाची पट्टी होती’ या वाक्यातून लागतं. नाव माहीत नसेल तर हुद्दा, गाडीचा क्रमांक, चेहऱ्याची खूण लिहा. जे पाहिलं नाही ते लिहू नका. अर्जासोबत मजकूर खरा असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. हाच विषय न्यायालयात किंवा मानवी हक्क आयोगाकडे नेला असेल तर तेही लपवू नका. अर्ज हाती देऊन पोच घ्या, नाहीतर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा.

पुढे काय होतं

प्राधिकरणाला साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. मात्र ते स्वतः कुणाला शिक्षा करत नाही, अहवाल राज्य सरकारकडे जातो. सरकारने तो स्वीकारला की त्यावरून खातेनिहाय कारवाई सुरू होते, आणि दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर अहवाल ठाण्यात पाठवून गुन्हा नोंदवला जातो. अपवाद म्हणून सरकार कारणं लिहून अहवाल नाकारू शकतं. ही या व्यवस्थेतली मोठी उणीव आहे असं माझं मत आहे. पण म्हणून अर्जच करू नये असं नाही, कारण चौकशीत नोंदलेले जबाब पुढे न्यायालयात उपयोगी पडतात.

मुदत आणि बाकीचे मार्ग

राज्य मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एक वर्षाच्या आत जायला हवं. तिथे फी नाही, आणि आयोग भरपाईची शिफारस करू शकतो. फौजदारी खटल्याची मुदत अधिक कडक आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ मध्ये कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्यासाठी सहा महिन्यांची मर्यादा आहे, सरकारच्या मंजुरीने ती दोन वर्षांपर्यंत जाते. मारहाण ‘कर्तव्यात’ बसते का यावर वकील भांडतील, पण तुम्ही सहा महिनेच हाती आहेत असं धरून चाला. ठाण्याने गुन्हा नोंदवला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली आधी अधीक्षकांकडे, मग दंडाधिकाऱ्यांकडे जा. खटल्याला सरकारची परवानगी लागत असेल तर १२० दिवसांत निर्णय न झाल्यास ती मिळाली असं त्याच संहितेच्या कलम २१८ नुसार धरलं जातं.

अशा तक्रारीनंतर ‘सरकारी कामात अडथळा’ म्हणून न्याय संहितेच्या कलम १३२ खाली उलट गुन्हा दाखल झाला तर घाबरून तक्रार मागे घेऊ नका. दोन्ही गुन्ह्यांच्या तारखा आणि वेळा शेजारी-शेजारी लिहून वकिलाला द्या, आणि जामिनाच्या अर्जालाच केसपेपरची प्रत जोडायला सांगा.