खुलासा: लायसन्स इंग्रजीत आहे म्हणून युरोपभर चालतं?

भुसावळ-जळगावकडे परदेशवारीचा विषय निघाला की कोणीतरी हमखास सांगतं, "आपलं लायसन्स इंग्रजीतच आहे भाऊ, युरोपात कुठंबी चालतं!" हे अर्धंच खरं. ब्रिटनमध्ये भारतीय लायसन्सवर 12 महिने छोटी गाडी चालवता येते. समजूत तिथूनच पसरली असावी. इटलीत मात्र सोबत आंतरराष्ट्रीय परवाना किंवा लायसन्सचं अधिकृत भाषांतर लागतं.

हा परवाना मुंबईलाच मिळतो, ही दुसरी अफवा. जळगाव, धुळे, नंदुरबार, जे तुमचं आरटीओ असेल तिथेच अर्ज करायचा. नमुना 4-ए, सरकारी फी 1000 रुपये. मुदत फार तर एक वर्ष, म्हणून तारखा ठरल्यावरच काढा. इंटरनेटवर दहा वर्षांचा परवाना विकणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. आणि मूळ लायसन्स घरी राहिलं तर परवाना नुसता कागद!

इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या जुन्या गावात मात्र सगळी कागदपत्रं असूनही गाडी घालू नका. तिथल्या 'झेडटीएल' भागात, म्हणजे परवानगीशिवाय गाड्यांना मज्जाव असलेल्या भागात, कॅमेरे नंबर टिपतात, आणि दंडाची नोटीस काही महिन्यांनी येते, तुम्ही घरी निवांत भरीत-भाकरी खात असताना.