आजार न वाढता गेलेले महिने आणि वाढलेले आयुष्य

इंदूरच्या रामबागेत एका काकूंच्या घरी आम्ही त्यांच्या स्तनाच्या कर्करोगाची फाइल पाहत बसलो होतो. एका औषधाची माहिती वाचून त्यांच्या मुलाने "आई आणखी सहा महिने जगेल" असा अर्थ काढला. प्रत्यक्षात तिथे 'प्रोग्रेशन-फ्री सर्व्हायव्हल' वाढल्याचे लिहिले होते. जगण्याचा उल्लेख असलेली ही संज्ञा ज्याला फसवते, त्याला दोष देता येणार नाही.

प्रोग्रेशन-फ्री सर्व्हायव्हल, म्हणजे पीएफएस, हा चाचणीत दाखल झाल्यापासून आजार वाढेपर्यंतचा किंवा त्याआधी मृत्यू आल्यास तोपर्यंतचा काळ. ओव्हरऑल सर्व्हायव्हल हा त्याच दिवसापासून, कारण कोणतेही असो, मृत्यूपर्यंतचा काळ. पहिल्यासाठी ठरावीक आठवड्यांनी काढलेल्या स्कॅनवर गाठ वाढली की नाही हे कुणाला तरी ठरवावे लागते; दुसऱ्याला मृत्यूची तारीख पुरते.

आजार वाढल्याची नोंद मृत्यूच्या खूप आधी होत असल्यामुळे पीएफएसचा निकाल लवकर हाती येतो, आणि नवे औषध प्रथम वापरात येते ते बरेचदा त्याच पुराव्यावर. बेव्हासिझुमॅब या कर्करोगावरच्या औषधाचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या ई २१०० या चाचणीत पॅक्लिटॅक्सेल या केमोथेरपीच्या औषधाला त्याची जोड दिल्यावर पीएफएसचा मध्यक (निम्म्या रुग्णांनी जितका काळ गाठला तो आकडा) ५.९ महिन्यांवरून ११.८ महिन्यांवर गेला, म्हणजे जवळजवळ दुप्पट झाला; एकूण आयुष्याचा मध्यक मात्र २५.२ वरून २६.७ महिन्यांवरच गेला, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणारा नव्हता. तरीही फेब्रुवारी २००८ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने त्वरित मंजुरीच्या (पुढचा पुरावा येईपर्यंतच्या) मार्गाने या वापराला परवानगी दिली. पुढच्या चाचण्यांत पीएफएसचा लाभ बराच कमी निघाला आणि आयुष्य वाढल्याचे दिसलेच नाही. रक्तस्राव, वाढता रक्तदाब आणि क्वचित आतड्याला पडणारे छिद्र यांचा धोका मात्र कायम होता. नोव्हेंबर २०११ मध्ये स्तनकर्करोगापुरती ती मंजुरी मागे घेण्यात आली. इतर काही कर्करोगांत हे औषध आजही दिले जाते.

म्हणून पीएफएस निरुपयोगी ठरत नाही. चाचणीत नवे औषध न मिळालेल्या, तुलनेच्या गटातील रुग्णांनाही आजार वाढल्यावर तेच औषध मिळाले, तर दोन गटांच्या आयुष्यातला फरक पुसट होतो, आणि खरा लाभही झाकला जाऊ शकतो. शिवाय गाठ वाढल्याने दुखणे किंवा धाप वाढणार असेल, तर ती काही महिने थोपवणे हीच रुग्णासाठी मोठी गोष्ट असते.

हे सगळे ऐकून काकूंनी विचारले, "त्या महिन्यांत मला माझे मला उठता-बसता येईल का?" त्याचे उत्तर या दोन्ही आकड्यांत नव्हते. काही चाचण्यांत रुग्णांकडून जीवनमानाची प्रश्नावली भरून घेतात; तिचे निकाल या औषधासाठी आहेत का, हे डॉक्टरांना विचारायचे म्हणून मुलाने फाइलच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवले.