पंक प्रार्थना

पंक प्रार्थना : मॉस्कोतील तारणहार ख्रिस्ताच्या कॅथेड्रलमध्ये २१ फेब्रुवारी २०१२ रोजी ‘पुसी रायट’ या स्त्रीवादी गटाच्या पाच तरुणींनी केलेली राजकीय निषेधकृती. भडक रंगांच्या माकडटोप्या आणि तशाच रंगीबेरंगी पोशाखात त्या वेदीसमोरच्या उंच चौथऱ्यावर चढल्या. एरवी तेथे धर्मगुरू आणि त्यांचे सेवेकरी उभे राहतात. व्लादिमीर पुतिन यांना घालवून दे, असे साकडे त्या देवमाता मेरीला घालू लागल्या, परंतु पहारेकऱ्यांनी त्यांना मिनिटभरही तेथे टिकू दिले नाही. त्याच संध्याकाळी या प्रसंगाची चित्रफीत इंटरनेटवर आली. पुढच्या दोन वर्षांत या मिनिटभराच्या कृतीने रशियातील धर्मसत्ता आणि राजसत्ता यांचे नाते जितके उघडे केले, तितके क्वचितच दुसऱ्या कशाने केले असेल.

हे नाते जुने आहे. बायझंटाइन सम्राट जस्टिनियन याच्या काळापासून पौर्वात्य, म्हणजे ऑर्थोडॉक्स, ख्रिस्ती परंपरेत राज्य आणि चर्च यांच्यातील ‘सिम्फोनिया’ म्हणजे सुसंवाद हा आदर्श मानला गेला, आणि मॉस्कोच्या राज्यकर्त्यांनी तो आदर्श आपला म्हणून स्वीकारला. प्रत्यक्षात या सुसंवादात पारडे बहुधा राज्याकडे झुकलेले असे. पीटर द ग्रेटने १७२१ मध्ये पॅट्रिआर्कचे, म्हणजे सर्वोच्च धर्मगुरूचे पद रद्द केले (ते १९१७ मध्ये पुन्हा सुरू झाले) आणि चर्चचा कारभार सरकारी देखरेखीखालच्या धर्ममंडळाकडे सोपवला. बोल्शेविकांनी १९१८ मध्ये चर्च आणि राज्य यांची कायद्याने फारकत केली, हजारो चर्च बंद केली आणि असंख्य धर्मगुरूंचा बळी घेतला. मात्र दुसऱ्या महायुद्धात लोकांचे मनोबल टिकवण्याची गरज पडली, तेव्हा १९४३ मध्ये स्टालिननेच चर्चला मर्यादित मोकळीक दिली. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर १९९३ च्या संविधानाने रशिया हे धर्मनिरपेक्ष राज्य असल्याचे चौदाव्या अनुच्छेदात स्पष्ट नोंदवले. तरीही छळातून बाहेर पडलेले चर्च आणि विचारसरणी गमावलेले राज्य लवकरच एकमेकांचा आधार शोधू लागले.

कृतीसाठी निवडलेल्या वास्तूतच या इतिहासाचे सारे थर आहेत. नेपोलियनच्या सैन्याला हुसकावल्याबद्दल देवाचे आभार मानण्यासाठी झार पहिला अलेक्झांडर याने १८१२ मध्ये या मंदिराचा संकल्प सोडला. त्याची सध्याच्या जागेवरील पायाभरणी १८३९ मध्ये झाली आणि १८८३ मध्ये ते भक्तांसाठी खुले झाले. ५ डिसेंबर १९३१ रोजी स्टालिनच्या राजवटीने ते सुरुंगाने उडवले. त्याच्या जागी सोव्हिएत प्रासाद उभा राहायचा होता, पण तो कधीच पूर्ण झाला नाही, आणि १९६० मध्ये तेथे उघड्यावरचा गरम पाण्याचा प्रचंड जलतरण तलाव सुरू झाला. १९९० च्या दशकात तलाव बुजवून जुन्या मंदिराची प्रतिकृती उभारण्यात आली आणि ऑगस्ट २००० मध्ये तिचा अभिषेक झाला. क्रेमलिनपासून चालत जाता येईल अशा अंतरावरच्या या कॅथेड्रलमध्ये ईस्टर आणि नाताळच्या मोठ्या उपासना होतात, राष्ट्राचे नेते मेणबत्ती हाती घेऊन पुढच्या रांगेत उभे राहतात आणि दूरचित्रवाणी ते देशभर दाखवते. इमारत मात्र चर्चच्या नव्हे, मॉस्को शहराच्या मालकीची आहे. निषेधासाठी एखादे साधे उपनगरी चर्च न निवडता हेच मंदिर का निवडले, याचे उत्तर या तपशिलांत आहे.

२०११ च्या हिवाळ्यात ही जवळीक निवडणुकीच्या राजकारणात उघडपणे दिसू लागली. आपण पुन्हा राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहणार, हे पुतिन यांनी सप्टेंबरमध्ये जाहीर केले होते. ४ डिसेंबरच्या संसदीय निवडणुकीत गैरप्रकार झाल्याच्या आरोपांवरून बोलोत्नाया चौकात आणि साखारोव्ह मार्गावर हजारो लोक कडाक्याच्या थंडीत उतरले. त्याआधी काहीच दिवस, नोव्हेंबरच्या अखेरीस, ग्रीसमधील मठांच्या अॅथोस पर्वतावरून आणलेला देवमातेचा पवित्र कमरपट्टा याच कॅथेड्रलमध्ये दर्शनासाठी ठेवला होता. मूल व्हावे, बाळंतपण सुखरूप पार पडावे म्हणून या पट्ट्यापुढे नवस बोलतात. त्याच्या दर्शनासाठी मॉस्क्वा नदीच्या काठाने किलोमीटरच्या किलोमीटर रांगा लागल्या होत्या आणि त्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. ८ फेब्रुवारी २०१२ रोजी, म्हणजे मतदानाला महिनाही उरला नसताना, पॅट्रिआर्क किरिल यांनी धर्मप्रमुखांच्या बैठकीत पुतिन यांच्या उपस्थितीत, १९९० च्या दशकातील अरिष्टातून देश बाहेर पडला तो देवाच्या चमत्काराने, असे सांगितले आणि त्यातील पुतिन यांच्या वाट्याचा गौरव केला. तेरा दिवसांनी त्या तरुणी चौथऱ्यावर चढल्या.

प्रार्थनेचे शब्द कमरपट्ट्याचे दर्शन आणि पॅट्रिआर्कचे भाषण या दोन्ही प्रसंगांना थेट उत्तर देतात. काळा झगा आणि सोनेरी लष्करी पट्ट्या एकाच माणसाच्या अंगावर आहेत, असे चित्र त्यांत येते. देवमातेचा पट्टा मोर्च्यांची जागा घेऊ शकत नाही, आणि मेरी निषेध करणाऱ्यांच्या बाजूला आहे, असे गाणाऱ्या म्हणतात. पॅट्रिआर्कने पुतिनवर श्रद्धा ठेवण्यापेक्षा देवावर ठेवावी, असेही त्यात शिवीसकट सुनावलेले आहे. ध्रुपद रशियन संगीतकार रॅख्मनिनॉफच्या रात्रजागर उपासनेतील मेरीस्तवनाच्या चालीवर बेतलेले आहे आणि कडवी कर्कश पंक शैलीत आहेत. ‘देवमाते, स्त्रीवादी हो’ ही त्यातील हाक अनेकांना निव्वळ चिथावणी वाटली. परंतु तिचा रोख देवमातेवर नाही. आज्ञाधारक मातृत्वाची मूर्ती म्हणून जिला पुरुषी धर्मसत्तेने पुढे केले, तिला त्या सत्तेच्या हातून परत मागणे, असाच तिचा अर्थ लावावा लागतो.

रशियात अशी मागणी पहिल्यांदाच झाली असेही नाही. सतराव्या शतकात पॅट्रिआर्क निकोनच्या उपासनासुधारणा झारने सक्तीने लादल्या, तेव्हा फिओदोसिया मोरोझोवा ही धनाढ्य सरदारपत्नी जुन्या पद्धतीला, दोन बोटांनी क्रूसाची खूण करण्याला, चिकटून राहिली. तिला १६७१ मध्ये अटक झाली आणि बोरोव्स्कच्या तळघरातील तुरुंगात १६७५ मध्ये उपासमारीने तिचा अंत झाला. तिची श्रद्धा सनातनी होती, पण राजा आणि धर्मगुरू एकत्र येऊन जे ठरवतात ते मानायला तिने नकार दिला. त्यानंतर तीन शतकांनी, १९७९ मध्ये, लेनिनग्राडमध्ये तात्याना मामोनोवा, तात्याना गोरिचेवा, नतालिया मालाखोव्स्काया आणि युलिया वोझ्नेसेन्स्काया यांनी स्त्रियांच्या स्थितीवर चोरून हातोहात फिरणारा लेखसंग्रह काढला. त्यांच्यातील श्रद्धावान ऑर्थोडॉक्स स्त्रियांनी पुढे स्थापलेल्या स्त्रीवादी मंडळाचे नाव ‘मारिया’ होते. यांतील प्रमुख स्त्रियांना १९८० मध्ये देशाबाहेर घालवण्यात आले. देवमाता आणि स्त्रीवाद यांची सांगड परदेशातून आयात झाली, हा नंतर झालेला आरोप या इतिहासापुढे टिकत नाही.

मतदानाच्या आदल्या दिवशी, ३ मार्च २०१२ रोजी, नादेझ्दा तोलोकोन्निकोवा आणि मारिया अल्योखिना यांना अटक झाली. १६ मार्चला येकातेरिना सामुत्सेविच हिलाही पकडले. तिघींवर फौजदारी संहितेच्या २१३ व्या कलमाखाली ‘धार्मिक द्वेषातून केलेली गुंडगिरी’ हा आरोप ठेवण्यात आला. या गुन्ह्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. मंदिरातील गडबडीसाठी प्रशासकीय दंड हा सौम्य मार्ग उपलब्ध होता. हा मार्ग टाळायचा तर हेतू धार्मिक द्वेषाचाच होता, राजकीय निषेधाचा नव्हता, हे सिद्ध करणे भाग होते, आणि सारा खटला या एका मुद्द्याभोवती फिरला. पहिल्या दोन तज्ज्ञ अहवालांना धार्मिक द्वेष आढळला नाही. मग तिसरा अहवाल मागवण्यात आला आणि त्यात तो सापडला. कॅथेड्रलमध्ये कोणाही राजकारण्याचे नाव उच्चारले गेले नाही, असे सरकारी पक्षाने सांगितले आणि न्यायालयाने ते मान्य केले. अशा प्रकारे पुतिन यांच्याविरुद्धच्या प्रार्थनेतून पुतिन यांनाच वगळण्यात आले.

३० जुलै ते १७ ऑगस्ट या काळात खामोव्निकी जिल्हा न्यायालयात न्यायाधीश मारिना सिरोवा यांच्यापुढे सुनावणी झाली. कॅथेड्रलमधील मेणबत्त्या विकणारी स्त्री, पहारेकरी आणि सेवेकरी यांना नुकसानग्रस्त म्हणून उभे करण्यात आले आणि त्यांनी मनाला झालेल्या यातना सांगितल्या. ही वेदना खोटी मानण्याचे कारण नाही. ज्या चौथऱ्यावर आपण पाय ठेवत नाही तेथे कोणी नाचताना पाहणे भाविकाला खरोखर असह्य होऊ शकते. प्रश्न असा होता की या वेदनेची भरपाई कैदेने करावी का, आणि ती कोणत्या कायद्याने मोजावी. तिसऱ्या तज्ज्ञ अहवालात मंदिरातील वर्तनाबद्दल सातव्या शतकातील त्रुलो धर्मपरिषदेच्या नियमांचा हवाला होता. निकालपत्राने तर आणखी एक पाऊल पुढे टाकले. स्त्रीवादी असणे हा रशियात गुन्हा नाही, असे नमूद करून लगेच ऑर्थोडॉक्स पंथ, कॅथलिक पंथ आणि इस्लाम यांचा सैद्धांतिक पाया स्त्रीवादाशी विसंगत असल्याचे त्यात म्हटले होते. संविधानाने धर्मनिरपेक्ष असलेल्या राज्याच्या न्यायालयाने धर्मशास्त्रावर असा अभिप्राय द्यावा आणि त्याचा उपयोग द्वेषाच्या पुराव्यासारखा करावा, ही या निकालातील सर्वांत गंभीर बाब होय. ज्या युतीचा निषेध आरोपींनी केला होता, तिचा याहून भक्कम पुरावा त्यांनाही सादर करता आला नसता.

आपल्या अखेरच्या निवेदनात तोलोकोन्निकोवा हिने ‘युरोदिवी’ या रशियन संतपरंपरेचा दाखला दिला. मराठी वाचकाला ही परंपरा अवधूताच्या कल्पनेवरून चटकन समजेल: वेड पांघरलेला, अर्धनग्न, लोकलज्जा सोडलेला हा देवाचा माणूस झारलाही तोंडावर सत्य सुनावू शकत असे. लाल चौकातील प्रसिद्ध रंगीत घुमटांचे कॅथेड्रल वसिली नावाच्या अशाच एका युरोदिवीच्या नावाने ओळखले जाते. त्याच्या समोरच्या लोब्नोये मेस्तो या दगडी चौथऱ्यावर या गटाने २० जानेवारी २०१२ रोजी आधीचा एक कार्यक्रम केला होता.

चर्चमध्येही एकमत नव्हते. कृती श्रोव्हटाइडच्या, म्हणजे लेंटच्या उपवासाआधी धिरडी खाऊन मौजमजा करण्याच्या आठवड्यात झाली होती. मी असतो तर त्यांना धिरडी खाऊ घातली असती, असे धर्मशास्त्राचे नामवंत अभ्यासक डीकन आंद्रेई कुरायेव यांनी सुरुवातीलाच लिहिले. अधिकृत चर्चने मात्र २२ एप्रिलला कॅथेड्रलपुढे श्रद्धेच्या रक्षणासाठी हजारोंची प्रार्थनासभा भरवली आणि दयेचे आवाहन निकाल लागल्यावर केले. तिघींना प्रत्येकी दोन वर्षांची कैद झाली होती. १० ऑक्टोबरच्या अपिलात सामुत्सेविचची शिक्षा स्थगित झाली, कारण गिटार हाती घेण्याआधीच पहारेकऱ्यांनी तिला बाहेर काढले होते. उरलेल्या दोघी लहान मुलांच्या आया होत्या. मुले मोठी होईपर्यंत शिक्षा पुढे ढकलण्याची त्यांची विनंती फेटाळली गेली. मातृत्वाचा एवढा गौरव करणाऱ्या व्यवस्थेने दोन आयांना त्यांच्या मुलांपासून शेकडो किलोमीटर दूर पाठवले, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

अल्योखिनाला उरल भागातील बेरेझ्निकी येथे, तर तोलोकोन्निकोवाला मोर्दोव्हियातील पार्त्सा गावच्या १४ क्रमांकाच्या श्रमवसाहतीत ठेवले. तेथे कैदी स्त्रियांना दिवसाला सोळा-सतरा तास पोलिसांचे गणवेश शिवावे लागतात, असे तिने सप्टेंबर २०१३ मधील खुल्या पत्रात लिहिले आणि उपोषण सुरू केले. डिसेंबर २०१३ मध्ये, शिक्षा संपायला जेमतेम दोन महिने असताना, सार्वत्रिक माफीखाली दोघी सुटल्या. सुटल्यावर त्यांनी कैद्यांच्या हक्कांसाठी काम सुरू केले. २०१४ मध्ये त्यांनी सुरू केलेले ‘मिडियाझोना’ हे वृत्तस्थळ न्यायालये आणि तुरुंग यांच्या वार्तांकनासाठी आजही महत्त्वाचे मानले जाते.

जून २०१३ मध्ये फौजदारी संहितेच्या १४८ व्या कलमात दुरुस्ती होऊन भाविकांच्या भावना दुखावणे हा स्वतंत्र फौजदारी गुन्हा ठरला. प्रार्थनास्थळात तो केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे २०१२ मध्ये जे कलम ओढूनताणून लावावे लागले, त्याची गरज पुढे उरली नाही. मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाने १७ जुलै २०१८ च्या निकालात अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि न्याय्य सुनावणी यांसह अनेक हक्कांचा भंग झाल्याचे ठरवले. मंदिराच्या वर्तननियमांचा भंग झाल्याबद्दल काही कारवाई समर्थनीय ठरू शकली असती, पण कैद हा उपाय प्रमाणाबाहेर होता, असे त्या न्यायालयाचे म्हणणे होते. मार्च २०२२ मध्ये रशिया हे न्यायालय ज्या संघटनेचे आहे त्या युरोपीय परिषदेबाहेर पडला. त्याच वर्षी अल्योखिना अन्न पोहोचवणाऱ्या कर्मचाऱ्याच्या वेशात पोलिसांना चुकवून देशाबाहेर गेली.

चर्च आणि राज्य यांची युती मधल्या काळात घट्टच होत गेली. २०२० च्या घटनादुरुस्तीत पूर्वजांनी दिलेल्या देवावरील श्रद्धेचा उल्लेख आला आणि विवाहाची व्याख्या स्त्री-पुरुषांच्या मिलनापुरती मर्यादित झाली. त्याच वर्षी मॉस्कोजवळ सशस्त्र दलांच्या प्रचंड कॅथेड्रलचा अभिषेक झाला. २०२३ मध्ये धर्मचित्रकार आंद्रेई रुब्ल्योव्हचे ख्रिस्ती त्रैक्याचे (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) पंधराव्या शतकातील चित्र संवर्धकांचे आक्षेप डावलून त्रेत्याकोव्ह संग्रहालयातून चर्चला देण्यात आले आणि तारणहार ख्रिस्ताच्या त्याच कॅथेड्रलमध्ये मांडले गेले. पण या युतीची किंमत रशियन स्त्रियांच्या घरात अधिक मोजावी लागली. कुटुंबातील मारहाण पहिल्यांदा घडल्यास आणि गंभीर इजा झालेली नसल्यास ती फौजदारी गुन्हा राहणार नाही, अशी दुरुस्ती फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली. घरगुती हिंसेविरुद्धच्या कायद्याचा मसुदा २०१९ च्या अखेरीस पुढे आला, तेव्हा पॅट्रिआर्कच्या कुटुंबविषयक आयोगाने पारंपरिक कुटुंबाच्या नावाने त्याला विरोध केला. तो मसुदा मंजूर झाला नाही, आणि रशियात घरगुती हिंसेविरुद्ध स्वतंत्र कायदा अद्याप झालेला नाही.