भोंगा वाजला म्हणजे जहाज सोडायचं असं नाही

मोठ्या प्रवासी फेरीबोटीवर सात किंवा अधिक आखूड आणि मग एक लांब असा धोक्याचा भोंगा झाला, की अनेकांना वाटतं, आता जहाज सोडून उतरायची वेळ आली. भोंगा सांगतो एवढंच, की जमा व्हा. जहाज सोडण्याचा आदेश निराळा. तो कप्तान देतो, सहसा तोंडी, ध्वनिक्षेपकावरून. पुष्कळदा तो येतही नाही. आग विझते आणि लोक आपापल्या जागी परततात.

मग जमवायचं कशाला? तरंगतं जहाज राफ्टपेक्षा (जीव वाचवायच्या तराफ्यापेक्षा) केव्हाही बरं, म्हणून घाईने कुणाला पाण्यावर उतरवत नाहीत. पण उतरायची वेळ आलीच, तर तेव्हा माणसं शोधत बसायला सवड नसते. मस्टर स्टेशनवर, म्हणजे जमायच्या ठरलेल्या जागी, डोकी मोजली जातात, लाईफ जॅकेटं तपासली जातात. (पाटी हिरवी असते, माणसांच्या घोळक्याकडे वळलेले चार बाण असलेली. चढल्यावर आधी ती शोधावी, खिडकीची जागा नंतर.) सोलास या समुद्री सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे आदेशानंतर ३० मिनिटांत सगळ्या बचावनौका माणसांसकट पाण्यात उतरवता आल्या पाहिजेत. ही ३० मिनिटं मोजतात ती मात्र सगळे जमलेत आणि जॅकेटं घातलीत असं धरून. सामान काढायला केबिनकडे किंवा गाडीच्या डेककडे वळलेला माणूस त्या हिशेबात बसत नाही.

खरा घात होतो तो तिसऱ्याच सूचनेने. १६ एप्रिल २०१४ला दक्षिण कोरियाची सेवोल फेरी कलू लागली, तेव्हा प्रवाशांना पुन्हा पुन्हा सांगितलं गेलं, आहात तिथेच थांबा. त्यांत बहुतेक शाळेची मुलं होती. ना त्यांना डेकवर जमवलं, ना जहाज सोडायला सांगितलं. कप्तान मात्र लवकर सुटका झालेल्यांत होता. ३०४ जीव गेले. मस्टर स्टेशनवर थांबणं आणि केबिनमध्ये थांबणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे: जहाज आडवं होऊ लागलं, की भिंत जमीन होते, दार डोक्यावर जातं आणि आडव्या बोळाची विहीर होते.

आदेश लांबल्यानेही माणसं मरतात. कोस्टा कॉनकॉर्डिया फेरी नव्हे, पर्यटन जहाज. पण १३ जानेवारी २०१२ला ते खडकावर आपटल्यावर जहाज सोडा म्हणायला तासाहून अधिक वेळ गेला. ३२ जण गेले.

छोट्या, तासाभराच्या फेरीवर बहुधा एवढा पसारा नसतो. तिथे खलाशी सांगेल ते ऐकायचं, जॅकेट घालून बसायचं आणि सगळ्यांनी एकाच कडेला धावायचं नाही, कारण त्या वजनानेही बोट कलंडते. जॅकेट फुगवून वापरायच्या प्रकारचं असेल, तर ते छपराखाली कधीच फुगवू नये. बोटीत पाणी शिरलं, की फुगलेलं जॅकेट माणसाला छताला चिकटवून ठेवतं आणि बुडी मारून दारातून बाहेर पडता येत नाही.